उरलेली वीस मिनिटं

सोमवारी पहिला तास सुरू व्हायच्या आधी आमचे फिजिकल डायरेक्टर स्टाफरूममध्ये येत, गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला अडकवत आणि चहा यायच्या आतच सांगून टाकत, "काल जिंकलो बरं का."

कोण जिंकलं, कुठं जिंकलं, हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. सरांना स्वप्न पडलेलं असे. स्वप्नात आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमनं कधी पुण्याच्या, कधी कोल्हापूरच्या, एकदा तर थेट कलकत्त्याच्या टीमला हरवलेलं असे. वारा कुठल्या बाजूनं होता, कुणी कुणाला पास दिला, मध्यंतरात लिंबू होतं की मोसंबी, हे सगळं ते सांगत. मग मैदानावर जाऊन मुलांना झापत. "बॉल मोकळा हुता तुझ्याकडं, गोल समोर हुता, आनि तू माझ्या सपनात नुसता बघत हुबा व्हय रं?" तो बिचारा मुलगा खाली मान घालून म्हणे, "चुकलं सर. परत न्हाई हुनार."

जागेपणी आमची टीम कधीच जिंकत नसे.

मी तेव्हा त्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होते. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, बहात्तरच्या दुष्काळाला तीन-चार वर्षं झालेली, पाटाला पाणी आलेलं, चहूकडं ऊस. मी सांगलीजवळच्या माधवनगरची, वडील गिरणीत, घरात शिकलेली पहिली मुलगी आणि नोकरीही पहिलीच. जिमखान्याचं उपाध्यक्षपद आमच्याकडं मीटिंगला जो गैरहजर असेल त्याच्या गळ्यात मारायची पद्धत होती. त्या दिवशी माझी एस.टी. चुकली. अशा रीतीनं जिनं उभ्या आयुष्यात लंगडीखेरीज काही खेळलं नाही, ती मी खेळांची उपाध्यक्ष झाले.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "एकदा मैदानावर जाऊन सरांना भेटून घ्या. सकाळी लवकर."

गेले. थंडीचे दिवस होते. नदीवरून धुकं उठे आणि उसावरून सरकत मैदानावर येऊन बसे, ते ऊन चढेपर्यंत हलत नसे. कुठलं तरी गुऱ्हाळ पेटलेलं होतं, त्याचा गोड वास त्या धुक्यात भरून राहिला होता. आतून बॉलचा धप धप आवाज येत होता, मुलांच्या हाका येत होत्या, पण माणूस एक दिसेना. चाचपडत पुढं गेले तर गोलाच्या खांबाला पाठ टेकून एक उंच, सडपातळ गृहस्थ डोळे मिटून उभे. खाकी हाफपँट, डोक्याला मफलर. मला वाटलं, उभ्या उभ्या झोप लागली असावी.

"सर?" मी हळूच म्हटलं.

"हूं," डोळे न उघडता ते म्हणाले. "डावीकडचा लंगडतुया. ऐका."

"मला तर काहीच दिसत नाही."

"दिसत न्हाईच, बाई. धुक्यात ऐकायचं असतं." आणि मग धुक्याकडं तोंड करून मोठ्यानं, "सिद्ध्या, पायाला काय झालं रं?"

"ठेच लागली, सर!" धुक्यातून उत्तर आलं.

मी थक्क झाले. माझं थक्क होणं फार टिकलं नाही म्हणा. पुढच्याच आठवड्यात त्यांनी "लय सुस्त पळतुयास तू, घरी जा," म्हणून ज्याला बराच वेळ झापलं, ते धुकं विरल्यावर कुणाचं तरी चुकलेलं रेडकू निघालं. सर जरासुद्धा ओशाळले नाहीत. "पर लाइन सोडून गेलं न्हाई बगा," म्हणाले.

लाइन हा त्यांचा जीव की प्राण. मैदानावर फक्कीच्या रेघा ते स्वतः मारत. अनवाणी, दोरी न लावता, तोंडानं काहीतरी पुटपुटत उलटे चालत जात. रेघ थोडी वाकडी झाली की पायानं पुसून पहिल्यापासून. एकदा मारली की ती रेघ म्हणजे घराचा उंबरा. कोणी गप्पा मारत ओलांडला, मग तो शिपाई असो की प्रिन्सिपॉल, की शिट्टी वाजलीच. मला त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "रेघ हाय तवर खेळ हाय, बाई. न्हाईतर नुसती पळापळ."

ते मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका वाडीतले. तिथं बाज टाकायची म्हटली तरी एका पायाखाली दगड लावावा लागे, असं ते सांगत. चेंडू खेळायचा प्रश्नच नाही. हातातून सुटला की खाली दरीत. लष्करात गेले आणि कुठंतरी पूर्वेकडच्या डोंगरात त्यांनी पहिल्यांदा फुटबॉल पाहिला. ती हकीकत सांगताना त्यांचा आवाज खाली येई. "पाऊस पडत हुता. तिथली पोरं अनवानी खेळत हुती. सगळीकडं ढग, आनि ढगातनं ह्यो बॉल यायचा आनि परत ढगात जायचा. मी रायफल घिऊन हुबा. बगतच ऱ्हायलो. म्हनलं, आपन ह्येच्यापायी जल्माला आलो की रं." लष्करातून सुटून ते या कॉलेजात लागले ते तो बॉल डोक्यात घेऊनच. खो-खो, कबड्डी, गॅदरिंगची लेझीम, मुलींची थाळीफेक, सगळं तेच बघत आणि नेटकं बघत. पण ती झाली नोकरी.

बॉल एकच चांगला होता. कातडी, आत रबरी ब्लॅडर, वर चामड्याची वादी. त्याला ते खोबरेल लावत, उन्हात ठेवत नसत. एकदा मी सांगलीला घरी निघाले होते आणि सर वादी बदलून आणायला त्याच एस.टी.त. बॉल खिडकीशी बसलेला, सर त्याच्या शेजारी. गाडी गच्च भरली तरी ते त्याला उचलेनात. कंडक्टर आला.

"आवं, ही शीट कुनाची?"

"ह्येची," सर म्हणाले. "हाफ तिकीट द्या."

कंडक्टरनं बॉलकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. माणूस कसलेला होता. "वय काय ह्येचं?"

"सा-सात म्हैनं झालं की."

"मग तिकीट लागत न्हाई. लेकरू मांडीवर घ्या आनि म्हातारीला बसू द्या."

सरांनी निमूटपणे बॉल मांडीवर घेतला. सांगलीपर्यंत त्याच्यावर हात ठेवून ते बसले होते आणि बाहेरचा ऊस बघत होते. मधेच म्हणाले, "बाई, तुमी सांगलीच्या. म्हंजे तुमी पलीकडच्या टीमच्या." मी म्हटलं, मी कुठल्याच टीमची नाही, मी तर्कशास्त्राची. ते म्हणाले, "त्यात कोन जिंकतं?"

गाव कुस्तीचं. गावात तात्या म्हणून ऐंशीच्या घरातले वस्ताद होते, त्यांची तालीम म्हणजे गावाचं नाक. तालुक्यात एखादी तरी गदा दर वर्षी त्यांच्या पोरांनी आणायचीच. या तात्यांनी आमच्या सरांचं नाव 'फुगंवाला' ठेवलं होतं. फुग्यात वारा भरून त्याच्यामागं धट्टीकट्टी पोरं पळवणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी जत्रेतला फुगेवालाच. नाव गावभर झालं. सर बाजारातून चालले की पोरं हाक मारत. सर ऐकून घेत आणि त्या पोरांच्या पिंढऱ्या न्याहाळत.

कॉलेजचे चेअरमन तात्यांच्याच तालमीतले जुने पैलवान. मी उपाध्यक्ष झाले त्याच वर्षी त्यांनी सरांना आणि मला बोलावून घेतलं.

"दहा वर्सं झाली डायरेक्टर," ते म्हणाले. "दहा वर्सांत एक मॅच जिंकून दावली न्हाई तुमी. मैदानाच्या मधोमध ते खांब हुबे. ते काढले तर तिथं कबड्डीची दोन ग्राउंडं आनि एक आखाडा हुतोय. औंदा झोनलची पयली मॅच आपल्याच मैदानावर हाय न्हवं? जिंका. जिंकला तर फुटबॉल ऱ्हाईल, कोन बोट लावनार न्हाई. हरला तर खांब काढायचे. शब्द हाय माझा."

सर म्हणाले, "व्हय." एवढंच. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा मी कधी नव्हता इतका उतरलेला पाहिला. नोकरी जाणार नव्हती. पण खांब गेल्यावर तो माणूस त्या मैदानावर काय म्हणून उभा राहणार होता, ते मला सुचेना.

मैदानाच्या कडेला उभं राहून ते मग मला म्हणाले, "पोरं खेळत्यात वो, बाई. जिवानं खेळत्यात. पर बगायला कुनी न्हाई. कुस्तीला हलगी असती, गाव असतं. आमच्या पोरांचा गोल झाला तरी उसातलं कोल्हं तेवढं ऐकतंय."

आणि म्हणून त्यांनी गाव गोळा करायचं ठरवलं. मॅचच्या आधीच्या बाजारादिवशी भोंगा भाड्यानं आणून, बैलगाडीत उभं राहून त्यांनी भर बाजारात पुकारा केला. मी वांगी घेत होते. सगळं माझ्या कानांनी ऐकलं. गावाला फुटबॉल कळत नाही म्हणून त्यांनी तो कुस्तीच्या भाषेत सांगितला. "सांगलीकडच्या मोठ्या कॉलेजाशी आपल्या पोरांची निकाली कुस्ती! अकरा जोड येका वक्ताला! बॉल जाळ्यात गेला की समजायचं चितपट!" बाजार हसला. पण निकाली कुस्ती आणि समोर सांगली, हे दोन शब्द ऐकल्यावर आमचं गाव घरी बसणारं नव्हतं.

मॅचच्या दिवशी मैदान माणसांनी भरलं. उसाच्या गाड्या कारखान्याच्या वाटेवर सोडून गाडीवान आले. बायका बांधावर बसल्या. पुढं खुर्चीवर तात्या, पटका बांधून, शेजारी चेअरमन, मागं हलगीवाले. सरांनी पहाटे मारलेल्या रेघेला लागून गाव उभं होतं आणि एकाचाही अंगठा रेघेवर नव्हता. सर कडेच्या रेघेवरून नुसते हिंडत होते. त्यांना बहुतेक हेही स्वप्नच वाटत असावं.

पाहुण्यांच्या पायात बूट होते. आमच्यातल्या निम्म्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट, निम्मे अनवाणी. पहिल्या अर्ध्यात आमच्या पोरांनी नुसता जीव वाचवला. दुसरा अर्धा सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि तो मघाचा ठेचवाला सिद्धा, म्हसवडकडचा, मेंढरांमागं पळून पळून ज्याचे पाय झाले होते, त्याला मधोमध बॉल सापडला. तो कुठं पास द्यायला थांबला नाही. दोघांच्या मधून गेला आणि अनवाणी पायानं असा काही हाणला की गोलकीपर बघत राहिला आणि जाळं फुगलं.

मग तात्या खुर्चीवरून उठले, हात वर केला आणि हलगी कडाडली.

गाव आत घुसलं. आत घुसलं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं कुस्ती संपली होती. बॉल जाळ्यात गेला, चितपट झाली, निकाल लागला. पाठीला माती लागल्यावर कुस्ती पुढं चालू राहते असं त्या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. गुलाल उडाला. सिद्धा कुणाच्या तरी खांद्यावर. चेअरमन स्वतः नाचत होते. पाहुणी पोरं घाबरून एका कोपऱ्यात गोळा झाली. रेफ्री शिट्टी मारून मारून लाल झाला, पण हलगीपुढं त्याच्या शिट्टीला कोण विचारतो. तो तडक माझ्या टेबलापाशी आला. उपाध्यक्ष मीच ना.

"अजून वीस मिनिटं बाकी आहेत. दहा मिनिटांत मैदान मोकळं करा, नाहीतर मी मॅच बंद करून निकाल तुमच्या विरुद्ध देतो. नियम आहे."

मी पळाले. साडी सावरत, गुलालातून, माणसांना ढकलत सरांपर्यंत पोचले. सरांच्या शिट्टीला गाव नाही म्हटलं तरी ओळखत होतं. त्यांनी शिट्टी मारून दोन्ही हात पसरले असते तर तात्यांनी ऐकलं असतं आणि तात्यांनी ऐकलं की गावानं. पण सरांपुढं तात्याच उभे होते. हातात भला लांबलचक गुलाबी फेटा, डोळ्यांत पाणी.

"दहा वर्सं तुला फुगंवाला म्हनलो, डायरेक्टर," तात्या म्हणत होते. "ह्याच तोंडानं म्हनलो. आज ह्या हातानं फेटा बांधतो. वाक खाली."

"सर," मी ओरडले, "मॅच संपलेली नाही! वीस मिनिटं राहिलीत! सांगा ना त्यांना!"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, माझ्या आधी कळलं होतं. वस्तादाच्या हातचा फेटा मधेच अडवायचा म्हणजे काय, ते मात्र मला कळायचं होतं.

"तात्यांनी सुरवात केलीया, बाई," ते म्हणाले. "अर्धा बांधून फेटा सोडत न्हाईत."

"आणि फुटबॉल?"

त्यांनी मान खाली केली. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते, त्यामुळं एकेक पेच सावकाश पडत होता. रेफ्री घड्याळ बघत होता. पायाखालची फक्की गुलालात मिसळून गेली होती आणि सर त्या गर्दीत डोळे मिटून उभे होते. मला इतका राग आला होता की रडू फुटेल असं वाटलं. एका फेट्यापायी या माणसानं सगळं आयुष्य घालवलं, असं मला वाटत होतं. शेवटचा पेच खोवला गेला तेव्हा रेफ्री पाहुण्या पोरांना घेऊन निघालाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर म्हणाले, "चला, चेअरमनास्नी सांगून येऊ."

"काय सांगून येऊ?" मी म्हटलं. "त्यांना वाटतंय आपण जिंकलो. गावाला वाटतंय. निकाल विद्यापीठात जाईल, तो इथं कोण वाचतंय? गप्प बसा ना."

"शिट्टी गळ्यात हाय, बाई," ते म्हणाले.

चेअरमननी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा हसले, मग गंभीर झाले. त्यांनी तीनतीनदा विचारलं, म्हणजे आपण हरलो? सर म्हणाले, हरलो. चेअरमन बराच वेळ मिशीवर हात फिरवत बसले. माणूस वाईट नव्हता, पण पैलवान होता, दिलेला शब्द त्याला मोडता येत नव्हता. "मग गॅदरिंग झालं की खांब काढा," ते म्हणाले आणि आमच्याकडं न बघता आत गेले.

तिथून सर तालमीकडं वळले. काखेत तो फेटा होता. तालमीत बायकांनी जायचं नसतं, म्हणून मी बाहेर पायरीपाशी उभी राहिले. दार उघडंच होतं. लाल मातीत पोरं शड्डू ठोकत होती, तेलाचा आणि मातीचा वास बाहेरपर्यंत येत होता. तात्या मारुतीपुढच्या चौथऱ्यावर बसले होते.

सरांनी फेटा त्यांच्यापुढं ठेवला. "ह्यो परत घ्या, तात्या. आपन हरलोय." आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मॅच दोन भागांत असते, गोल झाला तरी वेळ संपेपर्यंत खेळायचं असतं, माणसं आत आली की निकाल विरुद्ध जातो. बाजारात आपणच चुकीचं सांगितलं, हेही सांगितलं. तात्यांचा दोष त्यांनी कुठं येऊ दिला नाही. मला बाहेर उभं राहून ऐकवेना.

तात्यांनी फेट्यावर हात ठेवला. पोरांचे शड्डू थांबले.

"किती येळ ऱ्हायला हुता?"

"वीस मिनिटं."

"मग त्येंनी यावं की," तात्या म्हणाले. "आमी हितंच हाय. कुस्ती सोडवली म्हंजे निकाल न्हाई लागला. वीस मिनिटं ऱ्हायलीत, ती खेळायची." त्यांनी फेटा उचलून मारुतीच्या बाजूच्या खुंटीला टांगला. "निकाल लागंस्तवर ह्यो हितं ऱ्हाऊ दे. जो जिंकंल त्यो न्हील."

सर बाहेर आले ते मला न बघताच चालू लागले, आणि थोडं पुढं जाऊन थांबले. "बाई," म्हणाले, "सांगलीची गाडी किती वाजता हाय?"

तर्कशास्त्र शिकवणारी मी त्या दिवशी कॉलेज बुडवून त्यांच्याबरोबर सांगलीला गेले. तिथले कोच तरणेबांड, पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सीतले. आमचं म्हणणं ऐकून ते हसायलाच लागले. जिंकलेली मॅच कोण परत खेळायला येतं? मी माझं ठेवणीतलं सगळं तर्कशास्त्र काढलं, काही उपयोग झाला नाही. सर त्यांच्या मैदानाकडं बघत होते, तिथं खरंखुरं गवत होतं. शेवटी पलीकडं बसून बूट पुसणारा त्यांचा गोलकीपर उठून आला आणि आपल्या कोचना म्हणाला, "सर, जाऊया. गोल खाऊन जिंकलो म्हणून सांगायला मला कसंतरीच होतं."

एका रविवारी ते आले.

आदल्या दिवशी सरांनी रेघा मारल्या आणि तात्यांचा हात धरून त्यांना रेघेवरून पूर्ण मैदानाभोवती हिंडवून आणलं. लांब शिट्टी तीनदा वाजली म्हणजे संपलं, त्याच्या आधी आभाळ कोसळलं तरी नाही, हे समजावलं. तात्यांनी ते गावाला त्यांच्या भाषेत समजावलं. त्या दिवशी गाव पहिल्यापेक्षा जास्त होतं. एक-शून्यवरून खेळ सुरू झाला. धुकं विरून गेलं होतं तरी उन्हाला अजून धार नव्हती. मला आठवतो तो बॉलचा आवाज. हजारो माणसं उभी आणि बॉलचा आवाज ऐकू येतो, असं मी त्याआधी अनुभवलं नव्हतं. सर खांबापाशी उभे होते, डोळे उघडे ठेवून.

पाहुण्यांनी पहिला गोल केला तेव्हा गावानं श्वास घेतला, पण कुणी हललं नाही. दुसरा गोल अगदी शेवटी झाला. आमच्या गोलकीपरच्या बोटांना लागून आत गेला. सिद्धानं पुन्हा दोनदा मुसंडी मारली, एकदा बॉल खांबाला लागून परत आला, आणि मग तीन लांब शिट्ट्या वाजल्या. हरलो. या वेळी खरोखर हरलो.

हलगीवाल्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्या रेघेपाशी आले आणि थांबले. त्यांनी सरांकडं पाहिलं, आत येऊ का, म्हणून. सरांनी मान डोलावली. तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं रेघ ओलांडली. पाहुण्यांच्या कप्तानाला वाकायला सांगून त्यांनी तो गुलाबी फेटा त्याच्या डोक्याला बांधला. त्या शहरी पोराला काय करावं ते कळेना, त्यानं तात्यांचे पाय धरले. तात्यांनी त्याचा हात वर उचलला आणि गावाकडं तोंड करून, आखाड्यात पुढची जोड ठरवतात तशा आवाजात म्हणाले, "फुडच्या वर्सी ह्याच मातीत! ह्याच दिवसांत! गावानं इडा उचललाय!"

गाव गरजलं. आणि मग सगळं गाव चेअरमनकडं वळलं, कारण आखाड्यात उचललेला विडा, म्हणजे पुढच्या जोडीचं आव्हान, गावच्या मानकऱ्यानं हात वर करून कबूल करायचा असतो. चेअरमननी खांबांकडं पाहिलं, तात्यांकडं पाहिलं. पाहुण्यांना दिलेला विडा मोडायची छाती त्या भागात कुणाला नव्हती. त्यांनी हात वर केला.

गर्दी पांगल्यावर मी सरांना शोधत गेले. ते गोलाच्या खांबाला टेकून खाली बसले होते आणि बॉलची वादी सोडत होते. मला वाटलं, खांब वाचले म्हणून ते खुशीत असतील. जवळ गेले तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"सर, वाईट वाटून घेऊ नका," मी म्हटलं. "थोडक्यात गेली."

त्यांनी मान हलवली. ब्लॅडरमधली हवा सावकाश निघत होती, ती पूर्ण निघेपर्यंत ते थांबले.

"दहा वर्सं मी येकटा हरत हुतो, बाई," ते म्हणाले. "आज सगळं गाव हरलं."